पहिले शस्त्र

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या घराघरांतून जो पहिला शस्त्रव्यवहार चालतो तो टिकल्यांच्या पिस्तुलाचा. अगदी लहान पोराच्या हाती आपण सुटी टिकली आणि दगड देतो. दगड उचलावा, नेम धरावा, हाणावा, आवाज झाला की दचकून हसावे, मग दुसरी टिकली शोधावी. हेच पोर वर्षा-दोन वर्षांनी पत्र्याच्या पिस्तुलाचा हट्ट धरते. त्यात टिकल्यांची गुंडाळी बसते. चाप ओढला की एक टिकली वाजते आणि पुढची आपसूक तोंडाशी येऊन ठाकते. आता टिकली शोधायला नको, दगड उचलायला नको. जी गुंडाळी सकाळभर पुरेल असे आईला वाटत असते ती दोन मिनिटांत संपते, आणि पोर दुसरीसाठी ओट्याशी येऊन उभे राहते. दगडाकडून पिस्तुलाकडे जाताना त्या पोराचा स्वभाव बदललेला नसतो. बदललेली असते ती फक्त दोन आवाजांमधली उसंत.

या उसंतीविषयी मला आज बोलायचे आहे. विषय दूरच्या मुलुखाचा आहे, आणि सणासुदीच्या अंकात तो जरा राठ वाटेल. परंतु आपली पोरेबाळे आता त्या मुलुखात घरे बांधून राहिली आहेत, तेव्हा तो अगदीच परका राहिलेला नाही.

माझा एक भाचा अमेरिकेत टेक्सास राज्यात असतो. वीस वर्षे झाली, आता तिथला नागरिक आहे. शहराबाहेर थोडी जमीन घेऊन त्याने घर बांधले. गेल्या वर्षी त्याने मला विचारले, "मामा, मी एक रायफल घेईन म्हणतो. पहिलीच. फार महाग नको, पण सेमी-ऑटोमॅटिक. तुम्हाला काय वाटतं?" मी बंदुकीतला जाणकार नव्हे हे त्याला ठाऊक आहे. बंदुकीची माहिती त्याने दुकानदाराकडून आणि शेजाऱ्यांकडून मिळवलीच होती. वडीलधाऱ्या माणसाला माणूस असे विचारतो तेव्हा त्याला माहिती नको असते. घ्यावी की न घ्यावी, आणि घेतली तर कोणत्या मनाने घ्यावी, हे त्याला विचारायचे असते.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू, कारण या वादात बहुतेक लोक वस्तू न पाहताच भांडतात. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे अर्धस्वयंचलित. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पण त्या गोळीच्याच जोरावर रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे आत येऊन बसते. माणसाने फक्त पुन्हा चाप ओढायचा. चाप दाबून धरला की गोळ्यांची सर सुटते ती पूर्ण स्वयंचलित बंदूक वेगळी. तिच्यावर अमेरिकेने 1934 सालीच जबर कर आणि नोंदणी बसवली. याउलट जुन्या पद्धतीच्या बोल्टच्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर दांडी उचलून मागे ओढावी, पुढे लोटावी आणि खाली पाडावी लागते, तेव्हा कुठे दुसरी गोळी तयार होते. अर्धस्वयंचलित बंदुकीची कल्पना काही आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात तिचे प्रयोग झाले. 1903 साली विंचेस्टर कंपनीने .22 बोअरची अशी रायफल अमेरिकेच्या बाजारात आणली. 1936 साली जॉन गॅरंड यांची रायफल अमेरिकन लष्कराने स्वीकारली. ज्या एआर-15 चे नाव आज वर्तमानपत्रांत वारंवार येते तिच्यातील 'एआर' ही अक्षरे आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावावरून आली; 1959 साली तिचे हक्क कोल्ट कंपनीने घेतले आणि 1964 पासून ती सामान्य गिऱ्हाइकांना विकू लागली. त्याच 1964 साली रूगर कंपनीची 10/22 ही हलकी रायफल निघाली. नवख्याने पहिली म्हणून घ्यावी अशी तिची तिकडे ख्याती आहे.

भाच्यापुढे हाच पेच होता. एकीकडे ही .22 बोअरची रायफल, किंमत तीनशे डॉलरच्या आसपास. दुसरीकडे एआर-15 च्या घडणीची, स्वस्तातली म्हटली तरी पाचशेच्या घरात जाणारी. दोन्ही अर्धस्वयंचलित. दोन्हींच्या गोळ्यांचा व्यासही जवळजवळ सारखाच. पण .22 ची गोळी अडीच ग्रॅमची, आणि तिचा वेग ध्वनीच्या आसपास. दुसरीची साडेतीन ग्रॅमची, पण वेग ध्वनीच्या जवळपास तिप्पट. वेगाचा वर्ग होतो हे शाळेत शिकलेले गणित इथे लावले की दुसरीचा आघात पहिलीच्या सुमारे बारा पट भरतो. दुकानाच्या भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेल्या दोन वस्तूंत दोनशे डॉलरचे अंतर दिसते. हे बारा पटीचे अंतर किमतीच्या चिठ्ठीवर नसते.

आता भाच्याची बाजूही ऐकली पाहिजे. ती उडवून लावण्याजोगी नाही. त्या मुलुखात रानडुकरांचा उपद्रव मोठा आहे. रात्रीतून ती पीक आणि कुरणे उकरून टाकतात, आणि कळपाने येतात. पोलीस ठाणे दूर असते. नेमबाजी हा एक खेळ आहे, आणि त्यात श्वास, नजर आणि बोट यांचा मेळ घालण्याची जी शिस्त लागते ती कोणत्याही वाद्याच्या रियाझाहून कमी नाही. शिवाय तिथल्या राज्यघटनेत 1791 पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि 2008 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क व्यक्तीचा आहे असा निवाडा दिला आहे. आपणही शस्त्राला जन्मतः पापी मानणारे लोक नव्हे. खंडेनवमीला आपण तलवारीला हळदकुंकू वाहतो. तलवार नसेल तर सुतार रंधा पुजतो, शिंपी कातर पुजतो. 1878 साली इंग्रज सरकारने शस्त्रांचा कायदा करून हिंदी माणसाला परवान्यावाचून निःशस्त्र केले आणि गोऱ्यांना मात्र मोकळीक ठेवली, तेव्हा तो आपल्याला अहिंसेचा विजय वाटला नव्हता. अपमान वाटला होता. म्हणून 'हातात बंदूक नाही तो सज्जन' हे समीकरण मी भाच्याला सांगू शकत नव्हतो.

परंतु त्याच्या वाक्यात तीन शब्द होते: स्वस्त, पहिली आणि अर्धस्वयंचलित. यांपैकी प्रत्येक शब्द बाजाराचा दिसतो. आणि प्रत्येकाच्या पोटात एक नैतिक प्रश्न बसलेला आहे.

'स्वस्त' घ्या. रायफलीची किंमत हा तिच्या खर्चाचा केवळ आरंभ आहे. घरात ती ठेवायला कुलपाची लोखंडी पेटी हवी. बारीक .22 च्या आवाजानेही कानाला इजा होऊ शकते. मोठीच्या आवाजाचे विचारायलाच नको. तेव्हा कानांना आणि डोळ्यांना आच्छादन हवे. शिकवणारा हवा, चांदमारीच्या मैदानाची फी हवी. आणि काडतुसे हवीत, कारण सराव नसलेली बंदूक ही घरातली सर्वांत धोक्याची बंदूक. इथे .22 चे एक काडतूस काही सेंटांत मिळते. दुसरीचे त्याच्या पाच-सहा पट पडते. म्हणजे ज्याने महागडी रायफल कशीबशी परवडवली त्याला सराव परवडत नाही. तो पेटी पुढच्या महिन्यावर टाकतो, शिकवणी त्याच्या पुढच्या महिन्यावर. परवडणारी बंदूक म्हणजे जिची जबाबदारी परवडते ती, अशी व्याख्या मी भाच्याला सांगितली. ती त्याला पटली; हिशेबी मुलगा आहे.

पण या खर्चात आणखी एक रकम असते आणि ती भरणारा बहुधा गिऱ्हाईक नसतोच. 2021 साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने 48,830 माणसे मेली. हा आकडा ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे दरोडेखोर आणि माथेफिरू येतात. प्रत्यक्षात त्यांतील 26,328, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्या होत्या. सत्य असेही आहे की तिथल्या बहुतेक खुनांत हत्यार पिस्तूल असते, रायफल फार थोड्यांत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या मताला सोयीचे तेवढेच आकडे सांगणे हाही एक प्रकारचा नेमबाजीतला अप्रामाणिकपणाच. तरी निम्म्याहून अधिक हा आकडा काय सांगतो? घरात बंदूक येते ती बाहेरच्या माणसासाठी. पण दाराच्या आत, एखाद्या वाईट रात्री, तिची गाठ घरच्याच माणसाशी पडण्याचा संभव मोठा. निराशेची लाट पुष्कळदा काही घटकांची असते. ती ओसरेपर्यंत हाताला काय लागते यावर माणूस सकाळी चहाला उठतो की नाही हे ठरते. भाच्याचा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. सोळाव्या वर्षी एका परीक्षेचे गुण, एका मित्राचा अबोला, एवढ्यानेही जग संपल्यासारखे वाटते, हे आपण सारे त्या वयातून गेलेले लोक जाणतो.

आता 'पहिली'. नवख्याने शस्त्र कसे निवडावे यावर आपल्याकडे एक फार जुनी कथा आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात ती येते आणि कीर्तनात फारशी ऐकू येत नाही. अश्वत्थामा द्वारकेला जातो आणि श्रीकृष्णाला म्हणतो, माझे अस्त्र तू घे आणि मला तुझे चक्र दे. कृष्ण म्हणतो, मोबदला नको. धनुष्य, शक्ती, चक्र, गदा, यांतले तुला उचलेल आणि चालवता येईल ते घेऊन जा. म्हणजे शस्त्रागार उघडे, किंमत शून्य. अश्वत्थामा अर्थातच चक्राला हात घालतो. डाव्या हाताने उचलू जातो, हलत नाही. उजव्याने उचलू जातो, हलत नाही. सारे बळ लावून थकतो. मग कृष्ण त्याला जवळ बोलावतो आणि विचारतो, हे मागितलेस ते कोणाशी लढायला? उत्तर थक्क करणारे आहे. अश्वत्थामा सांगतो, तुझी पूजा करून मग तुझ्याशीच लढणार होतो. म्हणजे मी अजिंक्य झालो असतो.

या कथेत मला चक्राच्या वजनापेक्षा कृष्णाचा प्रश्न अधिक जड वाटतो. अश्वत्थाम्यापाशी शत्रू नव्हता. त्याला हवे होते ते अजिंक्य असणे, आणि त्या भुकेला लक्ष्य नसल्यामुळे तिने समोर दिसला त्यालाच लक्ष्य ठरवले. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ब्रह्मास्त्र सोडणे त्याला येत होते, आवरून घेणे येत नव्हते. अर्जुनाला दोन्ही येत होते. गुरू एकच, अस्त्र एकच. फरक पडला तो मागे घेण्याच्या विद्येत. आणि ज्याला आवरता आले नाही त्याचे अस्त्र शेवटी गेले ते उत्तरेच्या गर्भावर, म्हणजे सर्व युद्धात जो सर्वांत निरपराध जीव होता त्याच्यावर.

मे 2022 मध्ये याच टेक्सास राज्यातील युवाल्डी गावच्या शाळेत अठरा वर्षांच्या एका पोराने 19 मुले आणि 2 शिक्षिका यांना ठार केले. बंदूक त्याने चोरली नव्हती. अठरावा वाढदिवस झाल्यावर काही दिवसांतच त्याने ती दुकानातून रीतसर, फॉर्म भरून विकत घेतली होती. कायद्याने विचारायचे ते प्रश्न विचारले: वय किती, पूर्वी शिक्षा झाली आहे का. कृष्णाचा प्रश्न कोणत्याही फॉर्मवर नसतो. तो विचारायला घरातले, शेजारचे, ओळखीचे माणूस लागते.

तिसरा शब्द अर्धस्वयंचलित. 'बंदूक मारीत नाही, माणूस मारतो' हे वाक्य अमेरिकेत फार लोकप्रिय आहे. ते अर्धे खरे आहे. बंदुकीला इच्छा नसते हे खरे. पण साधनाला इच्छा नसली तरी साधन इच्छेचा भाव ठरवते. जात्यावर दळायचे तेव्हा घरात पीठ जपून वापरले जाई. गिरणी आली, पिठाचा हिशेब सैल झाला. बोल्टच्या रायफलीत दोन गोळ्यांच्या मध्ये हाताला काम असते. त्या दीड-दोन क्षणांत डोळा पुन्हा पाहतो, मन पुन्हा विचारते. अर्धस्वयंचलित बंदुकीने ही उसंत यंत्रातून काढून टाकली. ती मग माणसाच्या आत तरी असली पाहिजे, नाहीतर कुठेच नसते. ज्याच्या आत ती वर्षानुवर्षांच्या सरावाने मुरली आहे त्याच्या हातात हे यंत्र एक अचूक हत्यार आहे. ज्याची ती पहिलीच बंदूक आहे त्याच्या आत ती अजून यायची आहे. यंत्राला वळण नको, आणि माणसाला अजून वळण नाही. गाठ पडते ती या दोघांची.

अन्य देशांनी याचा विचार कायद्याने केला. ब्रिटनमध्ये 1987 साली हंगरफर्ड गावी गोळीबार झाला, आणि पुढल्याच वर्षी मोठ्या काडतुसांच्या अर्धस्वयंचलित रायफली बंद झाल्या; .22 च्या मात्र परवान्याने राहू दिल्या. ऑस्ट्रेलियात 1996 साली पोर्ट आर्थर येथे 35 माणसे मारली गेल्यावर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. न्यूझीलंडमध्ये मार्च 2019 मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत 51 जणांचे बळी गेल्यावर काही आठवड्यांतच तसा कायदा झाला. अमेरिकेनेही 1994 साली काही विशिष्ट बनावटींवर दहा वर्षांची बंदी घातली होती. ती 2004 साली सरली. आपल्याकडे 1959 च्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक मिळत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनहून अधिक ठेवता येत नाहीत. कोणत्या देशाचे बरोबर हा वाद इथे मिटणारा नाही. परंतु जिथे कायद्याने उसंत ठेवली आहे तिथल्या माणसाला ती फुकट मिळते. जिथे नाही तिथे प्रत्येक घराला आपली उसंत आपणच घडवावी लागते. स्वातंत्र्य जास्त म्हणजे कर्तव्य कमी नव्हे, हे सुभाषितासारखे वाटले तरी टेक्सासमध्ये राहणाऱ्याला ते अक्षरशः लागू आहे.

म्हणून मी भाच्याला 'घेऊ नकोस' असे म्हटले नाही. मी विचारले, "कोणावर?" तो थोडा थांबून म्हणाला, "कोणावर नाही हो मामा. डुकरं येतात. आणि... रात्री भीती वाटते." दोन उत्तरे निराळी होती हे त्यालाही कळले. डुकराला आकार आहे, संख्या आहे. त्याच्यासाठी साधन निवडता येते, आणि शेजारचा जाणता शिकारी त्या कामाला बोलावताही येतो. भीतीला आकार नाही. भीतीच्या मापाने घेतलेले कोणतेही शस्त्र पुरे पडत नाही. तीनशे डॉलरचे घेतले की पाचशेचे हवेसे वाटते, पाचशेचे घेतले की आणखी एक. शिवाय भीतीसाठी घेतलेली बंदूक माणूस उशाशी आणि भरलेली ठेवतो, कारण पेटीत कुलपात ठेवली तर भीतीला तिचा उपयोग काय? आणि जी उशाशी भरलेली असते तीच सोळा वर्षांच्या मुलाच्या हाताला लागते. भीतीवर उपाय दाराला चांगली कडी, अंगणात दिवा, कुत्रा आणि शेजाऱ्याशी बोलणेचालणे. हे उपाय दुबळे वाटतात खरे. पण ते कधी आपल्यावर उलटत नाहीत.

त्यावर मी त्याला जे सुचवले ते एवढेच. आधी सहा महिने मैदानावर जा आणि तिथलीच रायफल भाड्याने घेऊन शीक. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. जे नष्ट करायचे नाही त्याच्याकडे नळी वळवू नये. नेम ठरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. लक्ष्य काय आणि त्याच्या पलीकडे काय हे पाहावे. हे चार नियम तिकडे प्रत्येक शिक्षक सांगतो. ते तोंडपाठ असणे वेगळे आणि बोटात असणे वेगळे. मग घ्यावीशी वाटली तर .22 घे. तिचा धक्का हलका, त्यामुळे नवख्याला दचकण्याची खोड लागत नाही. पण हलकी म्हणून खेळणे समजू नकोस. तिची गोळी मैलाहून लांब जाते आणि माणूस मारते. शक्य तर बोल्टची घे, म्हणजे उसंत यंत्रच शिकवील. पेटी आधी आण, बंदूक नंतर. किल्लीचा निर्णय बायकोला विचारून कर. आणि घरात कोणाचे मन बिघडलेले दिसले तर ती बंदूक काही महिने घराबाहेर ठेवायला लाजू नकोस. भाचेसून मागून ऐकत होती, ती म्हणाली, "मामा, हे शेवटचं पुन्हा सांगा त्यांना."

त्याने शेवटी काय घेतले हे मी सांगत नाही, कारण या निबंधाचा निकाल त्यावर नाही.

दसऱ्याला आपण आपट्याची पाने वाटतो आणि शमीची पूजा करतो. पण त्या शमीची कथा नीट आठवून पाहावी. अज्ञातवासात शिरताना पांडवांनी आपली शस्त्रे कशी ठेवली? धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या. स्मशानाजवळचे, चढायला अवघड असे झाड निवडले. नकुल वर चढला आणि पाऊस लागणार नाही अशा जागी त्याने ती घट्ट बांधली. कोणी जवळ येऊ नये म्हणून वर एक प्रेत टांगले, आणि गुराख्यांना सांगितले की ही आमची एकशेऐंशी वर्षांची आई, आमच्यात अशीच रीत आहे. पृथ्वीवरचे सर्वांत थोर योद्धे, आणि त्यांनी शस्त्र ठेवण्याला एवढा विचार दिला. ज्यांना वर्षभर शस्त्रावाचून राहता आले त्यांनाच वर्ष संपल्यावर ते उचलण्याचा अधिकार आला. आपण त्या झाडाला हळदकुंकू वाहतो ते युद्धासाठी, असे समजण्याची रीत आहे. मला वाटते, शस्त्र दूर ठेवता आले म्हणूनही ते झाड पूज्य आहे.